चार बोटं

एप्रिल. वडारवाडीतली शाळा, पत्र्याखालचा वर्ग, सातवी ब.
शनिवारी काठोकाठ भरलेला व्हरांड्यातला माठ
सोमवारी सकाळी चार बोटं रिकामा.

"शिपाईमामा प्याले." पहिला निकाल लागला
पुराव्याच्या आधीच, जसे आपल्याकडे लागतात.
मामा म्हणाले, "मी तर जेजुरीला होतो, बहिणीकडे."
मग मांजर. मग कावळे. मग माठाला चीर.
मल्लेश धोत्रे म्हणाला, "माठालाच तहान लागते, बाई,
खडी फोडताना आमच्या अण्णाला लागते तशी."

मी फळ्यावर सगळं उतरवून घेतलं, मांजरसुद्धा.
पुस्तकात 'गृहीतक' हा शब्द चौकटीत छापलाय;
चौकट पाठ होते, शब्द आत बसून राहतो.
म्हटलं, हे आपले संशयित. आता एकेकाची झडती.

पहिलं भांडण बोटांवरून.
मल्लेशची चार म्हणजे रेणुकाची साडेपाच.
"मग कुणाची बोटं खरी, बाई?"
मला वाटलं, मोजमापाचा जन्म असाच झाला असणार,
कुणीतरी कुणाच्या तरी हातावर खार खाऊन.
खराट्याची एक काडी निघाली. ब्लेडनं खुणा केल्या.
काडी टेबलावरच राहील, घरी न्यायची नाही,
तिनं दात कोरायचे नाहीत
(हे कलम मामांसाठी).

शेजारी स्टीलचा डबा, तेवढ्याच पाण्याचा.
दोन्हींवर झाकण, झाकणावर वीट:
मांजर सुटलं, कावळे सुटले.
माठाखाली कोरडी परात, चीर असेल तर बोलेल.
परात काही बोलली नाही.

मग वह्या.
"काय वाटलं ते नको. काय दिसलं ते लिहा."
सोपं वाटलं होतं हे वाक्य, तोंडातून निघेपर्यंत.
मल्लेशनं लिहिलं, माठाला घाम आलाय.
"घाम दिसला?"
त्यानं खोडलं. गेला. माठाला तळवा लावून
बराच वेळ उभा राहिला, जणू ताप बघतोय.
परत येऊन लिहिलं:
बाहेरून ओला. हाताला गार.
हात पुसला नाही तरी वाळला.

शेवटच्या ओळीपाशी मी लाल पेन खाली ठेवलं.

माठ काडीवरून रोज उतरत गेला,
डबा मात्र चतुःशृंगीच्या डोंगरासारखा ढिम्म.
शुक्रवारी आभाळ आलं. माठ जेमतेम एक खूण उतरला.
"प्रयोग बिघडला, बाई. खोडू?"
खोडू नकोस रे. कालपर्यंत तो आकडा शहाण्यासारखा वागत होता,
आज पहिल्यांदा काहीतरी सांगतोय.

शनिवारी अडतीस वह्या घेऊन बसले.
सोमवार, तीन खुणा. मंगळवार, तीन.
बुधवार, तीन. बुधवार, तीन. बुधवार, तीन.
सदतीस वह्यांमध्ये बुधवार तीन.

बुधवारी चौदा एप्रिल होता. शाळेला कुलूप होतं.

एका वहीत, रेणुका मंजाळकरच्या,
तिरक्या अक्षरात:
मी मिरवणुकीला गेले होते. माठ पाहिला नाही.

तिला वाटलं मी रागावणार.
आधीच सांगू लागली, "बाई, गुरुवारी डबल मोजलं मी,
पण मधलं कसं लिहायचं? मधलं कुणी पाहिलं?"

वर्ग हसला. मीही हसले असते,
पण टेबलावर माझीही वही उघडी होती.
बुधवार, तीन खुणा.
सुवाच्य अक्षरात, खाली तारखेसकट सही.

मी ती वही फिरवली, सगळ्यांना दाखवली.
कुणी काही बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा.
मल्लेशनं खोडरबर काढला आणि परत ठेवला,
आणि आकड्यावर नुसती एक काट मारली,
खालचं वाचता येईल अशी.

निष्कर्ष अजून लिहिलेला नाही.
स्टीलचा डबा उन्हात ठेवून बघायचाय,
कुणीतरी म्हणतंय, माठाला बाहेरून तेल लावू.

सुटताना मागे वळून पाहिलं
(दिसलं तेवढंच सांगते):
मामांनी माठ भरला. वीट ठेवली. वीट पुन्हा काढली.
काडी बुडवून डोळ्यांजवळ धरली,
आणि खिशातून जेजुरीच्या एसटीचं तिकीट काढून
त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलं.